नवा रेडिएटर टाकूनही घाटात काटा वर का जातो?

जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस किंवा सुरुवातीच्या स्कॉर्पिओच्या मालकाला गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "जाळी चोक झालीय, रेडिएटर बदलून टाका." पुष्कळदा ते खरंही असतं. पण नवा रेडिएटर टाकला, चार दिवस बरे गेले आणि भरलेली गाडी कसारा किंवा आंबोली चढायला लागताच तापमानाचा काटा पुन्हा वर सरकला, हेही तितकंच नेहमीचं. इंजिनाची उष्णता आधी पाण्यात, पाण्यातून जाळीत आणि जाळीतून हवेत जाते. यातलं जे अडलंय ते तसंच ठेवून दुसरीकडे पैसे घातले तर गाडी गरमच होणार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कंपनीने दिलेली व्यवस्था आधी पूर्ण करावी, अगदी शेवटच्या रबरी पट्टीसकट. अपग्रेडचा विचार त्यानंतर.

सुरुवात एका प्रश्नाने करायची. गाडी नेमकी कधी गरम होते? सिग्नलला उभी असताना किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरात रेंगाळताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर ८०ला खाली येतो, तर हवा कमी पडते आहे : पंखा, त्याचा क्लच, शेराउड (पंख्याभोवतीचं आवरण), किंवा जाळीवरचा चिखल. याउलट गावात ठीक आणि हायवेला ९०-१०० ला तासभर चालवलं की काटा चढतो, तर पाणी कमी फिरतंय किंवा जाळी आतून बुजलीय. दोन्हीकडे गरम होते आणि पाणीही कमी होतं, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय आधी फेडून घ्यायचा. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, पाणी कोमट व्हायच्या आत, वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची तपासणी मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वायू त्या द्रवातून ओढला की ज्वलनाचा वायू असल्यास निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. असं निघालं तर रेडिएटरची खरेदी थांबवा. हेड आधी.

जाळी आतून किती बुजलीय हे बघायला ती उतरवावी लागत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे लेझरचा ठिपका टाकणारी ती छोटी बंदूक, पुरते. गाडी पूर्ण तापू द्या, एसी बंद ठेवा आणि जाळीवर हळूहळू ठिपका फिरवत आकडे बघा. निरोगी जाळीत पाणी आत येतं त्या टोकापासून बाहेर जातं त्या टोकापर्यंत तापमान सरळ उतरत जातं. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा २०-२५ अंशांनी थंड लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. बहुतेकदा असा थंड पट्टा तळाशी किंवा कडेला सापडतो, कारण गाळ तिथे बसतो. एक काळजी मात्र घ्या : चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक खोटं बोलते, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवते. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर किंवा ॲल्युमिनियमच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. रबरी होजवर थेट मोजलं तरी चालतं.

आता हवेची बाजू. इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि इथेच सगळ्यात कमी खर्चात फरक पडतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षांचा कचरा साठतो. विदर्भ-मराठवाड्यात कापसाचे तंतू, ऊसपट्ट्यात पाचटाचा भुगा, कोकणात लाल माती. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि आत घोंगडी पसरल्यासारखा थर असतो. रेडिएटरचे वरचे बोल्ट काढून तो इंजिनाकडे थोडा कलता करा आणि टॉर्च मारून बघा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. सर्व्हिस सेंटरची प्रेशरची तोटी जवळून आणि तिरकी धरली तर नळ्यांच्या मधले पातळ पत्रे आडवे पडतात आणि जाळी कायमची झाकली जाते. बागेच्या नळीचं पाणी पुरेसं आहे, वेळ जास्त लागतो इतकंच.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं शेराउड. अपघातात किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बदलताना एकदा काढलेलं शेराउड कित्येक जुन्या गाड्यांवर परत चढतच नाही. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची तीच गरम हवा घुसळत बसतो. शेराउडसह पंखा जाळीच्या पूर्ण चौकोनातून हवा खेचतो. त्याशिवाय फक्त पात्यांसमोरच्या गोलातून. पाती शेराउडच्या आत साधारण अर्धी ते दोन तृतीयांश असावीत. रेडिएटरच्या कडेला आणि वर ज्या रबराच्या किंवा स्पंजच्या पट्ट्या असतात, त्याही याच कामाच्या. त्या नसल्या की हवा जाळी टाळून बाजूने निघून जाते.

पंख्याला व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंखा जोरात फिरवणारा, सिलिकॉन तेलाचा जोड) असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवा : किंचित अडखळत फिरायला हवा. एक धक्का देताच तीन-चार गिरक्या मोकळ्या मारत असेल तर आतलं सिलिकॉन तेल गेलं. पुढच्या स्प्रिंगभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तोच पुरावा. पात्याचं टोक पुढेमागे हलवा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर बेअरिंग संपलंय, आणि ते निसटलं तर पंखा थेट नव्या जाळीत घुसेल. चांगला क्लच सकाळी चालू केल्यावर मिनिटभर घोंघावतो, मग शांत होतो आणि घाटात गाडी तापली की पुन्हा घोंघावायला लागतो. घाटात तो आवाज कधीच आला नसेल तर काय बदलायचं ते कळलंच.

हा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखे लावायची सध्या हौस दिसते. भरलेली डिझेल एसयूव्ही घाटात चालवणार असाल तर करू नका. इंजिनाचा पंखा चढावर जितकी हवा ओढतो तितकी ओढायला मोठे जोड-पंखे लागतात. ते सुरू राहताना २० ते ३० अँपिअर घेतात आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बरेच जास्त. जुना अल्टरनेटर, हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि वायपर एकत्र आले की पावसाळ्यातल्या रात्री बॅटरी बसते. कंडेन्सरपुढे १२ व्होल्टचा ८० ते १२० वॉटचा एक जादा पंखा लावणं मात्र रास्त आहे. तो ७ ते १० अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र रिले, १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर द्या, आणि एसीच्या कॉम्प्रेसरच्या सिग्नलवर चालवा. रेडिएटरच्या नळ्यांच्या मधल्या फटींतून प्लास्टिकच्या काड्या आरपार घालून पंखा अडकवण्याची पद्धत वाईट. कंपनाने काडी नळी घासते आणि वर्ष-दोन वर्षांत तिथेच गळती लागते. पट्टीचं ब्रॅकेट करून घ्या.

रेडिएटर कोणता घ्यायचा? जुन्या गाडीवर अजून पितळी टाक्यांचा, तांब्याच्या जाळीचा मूळ रेडिएटर असेल आणि टाक्या धड असतील, तर चांगल्या कारागिराकडून जाळी बदलून घेणं हा अजूनही उत्तम पर्याय आहे. तो डाख लावून कुठेही दुरुस्त होतो, तालुक्याच्या गावीसुद्धा. फक्त "रॉडिंग करून देतो" याला लगेच हो म्हणू नका. सळई घालून गाळ निघतो, पण क्षाराने पोखरलेल्या नळ्या तेव्हाच फुटतात. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असा रेडिएटर हलका आणि कामाला चोख असतो, पण दहा-बारा वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. वरच्या होजचं तोंड तपकिरी, भुरभुरीत दिसू लागलं किंवा टाकी जिथे दातांनी जाळीला आवळलीय तिथे वाळलेल्या कूलंटचे पांढरे-हिरवे ओघळ दिसले, की त्याचे दिवस भरले. एम-सील लावून घाट चढायचा नाही.

तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त चांगली वाहतं, म्हणून तांब्याचाच रेडिएटर थंड ठेवतो, असं बरेच जण मानतात. धातू म्हणून ते खरं आहे. पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि पत्रे नळ्यांना वितळवून एकजीव जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोघे बरोबरीचे उतरतात. पूर्ण ॲल्युमिनियमचा, वेल्डिंगच्या टाक्यांचा रेडिएटर घेताना चकाकी बघू नका. जाळीची उंची-रुंदी मूळ मापाइतकी आहे का, नळ्या किती रुंद आहेत, पत्र्यांची दाटी किती आहे ते बघा. जाडी वाढवून मिळणारा फायदा लवकर संपतो. नळ्यांच्या पुढच्या रांगेतून तापून आलेली हवाच मागच्या रांगेला मिळते, आणि जाड जाळीतून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो. दोन रांगांवरून तीन रांगांवर जाणं समजू शकतो. चार रांगांचा जाड ठोकळा मंद चढावर मूळ रेडिएटरपेक्षा वाईट वागू शकतो. शेतावरच्या, धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला इंचाला १० ते १२ पत्रे पुरेत. १६ची दाटी कागदावर छान दिसते आणि एका हंगामात बुजते.

अपग्रेड नेमका कोणाला लागतो? एक साधा हिशोब करा. जाळी किती उष्णता फेकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २७ अंशांवर असेल तर फरक ६८. मे महिन्यात चंद्रपूरला हवा ४७ वर गेली की फरक उरतो ४८. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास ३० टक्के कमी उष्णता फेकतो, वर एसीच्या कंडेन्सरने पुढची हवा आणखी तापवलेली असते ती वेगळीच. ज्यांची गाडी अशा हवेत आठ माणसं घेऊन किंवा ट्रॉली ओढत चालते, त्यांना मोठी जाळी हवीच. पुणे-नाशिकमधल्या घरगुती वापराच्या गाडीला मूळ मापाचा चांगला रेडिएटर आणि धड शेराउड पुरे.

थर्मोस्टॅटवर जरा थांबू, कारण या एका भागाने जितकी इंजिनं वाचवली तितकीच त्याच्या गैरहजेरीने घालवली. "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठंय" हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट हातात घेऊन बघा. बऱ्याच इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खालच्या अंगाला स्प्रिंगवर बसलेली दुसरी छोटी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती खाली सरकून बायपासचं भोक बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. थर्मोस्टॅट काढला की ते भोक कायम उघडं राहतं. पाणी सोपी वाट धरतं. त्यातला मोठा भाग रेडिएटरला न शिवता गरमच्या गरम इंजिनात परततो. म्हणजे रिकामी गाडी जास्त थंड चालते आणि भरलेली गाडी घाटात जास्त तापते. डिझेल इंजिन थंड चाललं की इंधन जास्त जातं, धूर वाढतो आणि रिंगा-लायनर झिजतात, हे वेगळं नुकसान.

नवा थर्मोस्टॅटसुद्धा बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला थर्मामीटर सोडा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८० ते ८४च्या दरम्यान झडप सुटायला लागली पाहिजे आणि ९५च्या आसपास पूर्ण, साधारण ८ मिलिमीटर, उघडली पाहिजे. मग बाहेर काढून ठेवला की पूर्ण मिटला पाहिजे. झडपेच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. बसवताना ती सगळ्यात वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. घराचे बोल्ट ६ मिलिमीटरचे, १० नंबरच्या पान्याचे असतील तर ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. त्यापुढे आवळलं की ॲल्युमिनियमचे आटे बाहेर येतात.

झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी बदलला जाणारा भाग. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर तिथेच साधं पाणीही सुमारे ११६ अंशांपर्यंत उकळत नाही. हे वीस अंश फक्त झाकणातल्या स्प्रिंगचे आणि रबराचे आहेत. रात्री गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातली आत घेणारी झडप अडकलीय. जास्त दाबाचं झाकण लावून "अपग्रेड" करू नका. त्या दाबाला जुने होज, हिटरची जाळी आणि प्लास्टिकची टाकी टिकणार नाहीत.

प्रत्यक्ष बदलताना क्रम महत्त्वाचा आहे. ब्लॉक आधी धुवायचा, तोही जुना रेडिएटर गाडीवर असतानाच. नवा बसवून मग फ्लश केलं तर इंजिनातला सगळा गंज नव्या जाळीच्या नळ्यांच्या तोंडावर जाऊन बसतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलेल्या गाडीत पांढरा क्षार आणि लाल गंज दोन्ही असतात. त्यासाठी सायट्रिक ॲसिड १० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम घेऊन इंजिन तापेपर्यंत आणि पुढे १५-२० मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, काढा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चारदा धुवा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या जवळही नेऊ नका. तो धातूच खातो. ब्लॉकच्या बाजूला निचऱ्याचा बोल्ट असतो, तो उघडा. काही आलं नाही तर भोकात तार घाला. मागे गाळ बसलेला असतो. काढलेलं कूलंट डब्यात भरून झाकून ठेवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री आणि गुरं ते पितात, आणि थोडंसुद्धा जीव घेतं.

वॉटर बॉडी उघडलीच आहे तर पंख बघा. गंजून अर्धे झालेले पंख गाडी जागेवर असताना ठीक वाटतात आणि वेगात पाणी ढकलत नाहीत. शाफ्टखालच्या बारीक भोकातून कूलंटचा डाग दिसला तर सील गेलंय. ते भोक बुजवण्याचा प्रकार सर्रास होतो आणि त्याने पाणी थेट बेअरिंगमध्ये जातं. होज सगळे एकदम बदला, हिटरचे आणि बायपासचे बोटभर तुकडेसुद्धा. खालच्या होजमध्ये मूळ स्प्रिंग असेल तर नव्यातही असलीच पाहिजे, नाहीतर वेगात पंपाच्या ओढीने होज आवळला जातो. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे ४-५ मिलिमीटरवर बसवा, उंचवट्यावर नाही. नव्या रेडिएटरच्या वरच्या तोंडात जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा गाळणीसारखा बसवून होज चढवा. उरलेला गंज त्यात अडकतो.

कूलंटचा हिशोब इथे चुकतो. धुतल्यावर ब्लॉकमध्ये पाणी उरतंच. समजा मॅन्युअलप्रमाणे क्षमता ९ लिटर आहे आणि निचऱ्यानंतर ३ लिटर पाणी आत राहिलं. निम्मं-निम्मं हवं तर आधी ४.५ लिटर शुद्ध कॉन्सन्ट्रेट ओता, मग दीड लिटर डिस्टिल्ड पाणी. अशा वेळी बाजारातलं तयार मिश्रण ओतलं तर ते एक तृतीयांशापर्यंत पातळ होतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण कूलंट गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला हवंच. मात्र ते ६० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. रंग बघून कूलंट मिसळू नका, रंग ही कंपनीची मर्जी असते. मॅन्युअलमधला प्रकार बघा आणि तोच ठेवा.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हिटर पूर्ण गरमवर. सावकाश ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून १५०० आरपीएमवर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. खालचा होज गरम झाला की पाणी फिरायला लागलं. पातळी उतरेल, ती भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा बघा. बहुधा अर्धा लिटर आणखी मावतं.

१०० किलोमीटरनंतर क्लिप एकदा आवळा, प्लास्टिकच्या तोंडावर हलक्या हाताने. ५०० किलोमीटरनंतर मोज्याची गाळणी काढा. त्याच वेळी मल्टीमीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला लावा आणि लाल टोक रेडिएटरच्या तोंडातल्या कूलंटमध्ये, धातूला न टेकवता, बुडवा. मदतनीसाला स्टार्टर मारायला सांगा, मग दिवे आणि ब्लोअर लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३च्या वर गेला तर कुठलीतरी अर्थिंगची जोडणी खराब आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढतेय. असा करंट नवी ॲल्युमिनियमची जाळी काही महिन्यांत भोकं पाडून खातो. इंजिनापासून चेसिसपर्यंतची अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि परत लावून पुन्हा मोजा.